व्यक्तिमत्त्व चाचणीत प्रश्न कोरे सोडताय? या चुका टाळा

इंदूरला भंवरकुआं भागातल्या कोचिंगमध्ये तयार झालेली मुलं व्यक्तिमत्त्व चाचणीला बसली की हमखास एक चूक करतात: खात्री नसलेला प्रश्न सोडून देतात. वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेत ते शहाणपणाचंच, कारण तिथे चुकीच्या उत्तराला एक गुण कापतात. इथे मात्र चूक-बरोबर काही नसतं. कोरी जागाच निकाल बिघडवते.

कशी, ते पाहा. मनमिळाऊपणावर आठ विधानं आहेत, प्रत्येकाला १ ते ५ गुण. सगळीकडे ४ दिलेत तर बेरीज ३२. त्यातली दोन सोडलीत तर २४. आठही ठिकाणी ३ देणाऱ्याची बेरीजसुद्धा २४च! चारचौघांत रमणारी मुलगी कागदावर मधल्यामध्ये अडकली. भरलेल्या उत्तरांची सरासरी काढली तर ४ येते खरी, पण हा इलाज नजरचुकीने सुटलेल्या प्रश्नांपुरताच. रागाबद्दलचेच प्रश्न मुद्दाम गाळले असतील, तर सरासरी तो राग झाकून टाकते. म्हणून किती सुटले याच्या आधी मी कोणते सुटले ते बघते.

हो-नाही प्रकारात धोका आणखी मोठा. एमएमपीआय-२ या मानसिक त्रास तपासणाऱ्या चाचणीत ५६७ विधानं असतात. कोरं विधान कुठल्याच बाजूने मोजलं जात नाही, गुण कमी भरतात आणि खरोखर त्रासात असलेला माणूस ठीकठाक दिसतो. ३० किंवा जास्त कोरी राहिली, तर तो निकाल ग्राह्य धरत नाहीत.

आपल्याकडची खास अडचण भाषेची. घरी मराठी, शाळेत इंग्रजी आणि हातात जड हिंदी प्रश्नावली. 'मैं प्रायः उद्विग्न नहीं रहता' असं विधान आलं की मुलगा 'उद्विग्न'वर अडतो, आणि त्यात 'नहीं'. असहमत म्हणजे नेमकं काय, कळेना. अशा वेळी सोडू नका, अंदाजाने गोलही रंगवू नका. चाचणी घेणाऱ्यांना शब्दाचा अर्थ विचारा. ओएमआरवर, म्हणजे गोल रंगवायच्या उत्तरपत्रिकेवर, एक ओळ चुकली की पुढची सगळी उत्तरं एका ओळीने सरकतात, तेव्हा अधूनमधून क्रमांक जुळवा.

चाचणी घेणाऱ्यांनो, मूल समोर बसलेलं असतानाच कागद चाळा, कोऱ्या जागा दाखवा आणि का सोडलं ते शांतपणे विचारा. तरीही नको म्हणालं तर जबरदस्ती नको. त्या विषयावर उत्तर दिलेलं नाही, एवढं अहवालात स्पष्ट लिहा.