गळाला लागलेला अनोळखी सागरी जीव कसा ओळखावा

जाळ्यात किंवा गळाला काही अनोळखी लागले की नजर आधी त्याच्या रंगाकडे आणि एकूण रूपाकडे जाते, आणि ओळख पटवताना सर्वाधिक फसगत याच दोन गोष्टींमुळे होते. मरताना अनेक माशांचे रंग काही मिनिटांतच उतरतात, आणि कित्येक जातींत नर, मादी व पिल्ले एकमेकांशी रंगाने जुळत नाहीत. खोल पाण्यातून वर ओढलेल्या माशाच्या वाताशयातील, म्हणजे त्याला तरंगायला मदत करणाऱ्या आतल्या पिशवीतील, वायू दाब कमी होताच फुगतो, त्यामुळे डोळे बाहेर येतात आणि जठर उलटे होऊन तोंडावाटे बाहेर लोंबू लागते. ते पाहणाऱ्याला एखाद्या विलक्षण जिभेसारखे वाटले तर नवल नाही. जगभर कुरूप म्हणून गाजलेला ब्लॉबफिशही शेकडो मीटर खोलीवरच्या दाबात असतो तेव्हा बराचसा साध्या माशासारखाच दिसतो, कारण त्याचे मऊ अंग वर आणल्यावरच असे बेढब होते. तेव्हा रंगरूप बाजूला ठेवून शरीराची रचना पाहावी, आणि तीही ठरावीक क्रमाने.

हात लावण्यापूर्वी

प्राणी काय आहे हे कळेपर्यंत तो विषारी आहे असेच धरून चालावे. त्याला उघड्या हाताने न उचलता ओल्या जाड हातमोज्यांनी, चिमट्याने किंवा हातजाळीने हाताळावे. मात्र दगडमाशाचे काटे पातळ मोज्यातून सहज आरपार जातात हे ध्यानात ठेवावे. पाकटाचा काटा शेपटीवर असतो, म्हणून ती बाजू स्वतःपासून दूर ठेवावी. शंकूच्या आकाराचा नक्षीदार शंख जिवंत असेल तर तो खिशात टाकणे किंवा मुठीत धरणे जिवावर बेतू शकते, कारण आतला प्राणी विषारी भाल्यासारखा दात बाहेर फेकतो. निळ्या कड्यांचा छोटा ऑक्टोपस चावल्याचे अनेकदा जाणवतही नाही, पण त्याच्या विषाने श्वसनाचे स्नायू लुळे पडतात. या विषावर उतारा नसल्याने मदत मिळेपर्यंत कृत्रिम श्वसन चालू ठेवणे हाच उपाय असतो. जेलीफिशसारख्या प्राण्यांचे धागे मेल्यानंतर आणि तुटल्यानंतरही डंख करतात. दगडमासा, सिंहमासा किंवा पाकट यांचा काटा लागल्यास तो भाग सोसवेल इतक्या गरम, म्हणजे सुमारे ४५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या पाण्यात ३० ते ९० मिनिटे बुडवून ठेवल्याने वेदना कमी होतात, पण त्यानंतर डॉक्टरांकडे जाणे टाळू नये.

प्राणी जिवंत असताना नोंद

प्राणी परत सोडायचा असेल तर त्याला पाण्याबाहेर फार वेळ ठेवता येत नाही, म्हणून कॅमेरा आणि मोजपट्टी आधीच तयार ठेवावी. डोके डावीकडे येईल अशा रीतीने पूर्ण बाजूचे छायाचित्र घ्यावे, पर पसरलेले दिसतील असे पाहावे, आणि मोजपट्टी त्याच चौकटीत ठेवावी. मग डोके जवळून, तोंड उघडून आतील दात, पोटाची बाजू आणि शेपटी यांची छायाचित्रे घ्यावीत. पोटाची बाजू बहुतेक जण विसरतात, आणि तीच पुढे सर्वाधिक कामाला येते. सोबत तारीख, जागा, पाण्याची खोली, तळ रेताड की खडकाळ, आणि प्राणी कशाने पकडला हे लिहावे.

साधी नोंदही किती मोलाची ठरते, हे सीलाकँथ या माशाच्या बाबतीत दिसले. डिसेंबर १९३८ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या ईस्ट लंडन बंदरात आलेल्या एका ट्रॉलरच्या मासळीत तेथील संग्रहालयाच्या मार्जोरी कोर्टनी-लॅटिमर यांना जाड खवल्यांचा, हातपायांसारख्या मांसल परांचा एक मोठा निळसर मासा दिसला. तो टिकवण्याची पुरेशी सोय नसल्याने आतले अवयव वाया गेले. पण त्यांनी काढलेले कच्चे रेखाचित्र पाहूनच मत्स्यतज्ज्ञ जे. एल. बी. स्मिथ यांना शंका आली की हा मासा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी नामशेष झाला असे मानल्या गेलेल्या गटातला आहे.

गट ठरवणे

जातीचे नाव शोधण्याची घाई न करता आधी गट ठरवावा. कल्ल्यांवर एकच हाडाचे झाकण असेल, तर तो बहुधा अस्थिमय मासा असतो. झाकणाऐवजी उघड्या फटी असतील, तर तो शार्क किंवा पाकट यांच्या कुळातील कूर्चेच्या (मऊ हाडाच्या) सांगाड्याचा मासा ठरतो, आणि येथे त्या फटी कुठे आहेत हे पाहणे निर्णायक ठरते. शार्कच्या फटी डोक्याच्या बाजूंना असतात, साधारणपणे पाच आणि काही जातींत सहा किंवा सात, तर पाकटांच्या फटी खालच्या बाजूला असतात. या एका खुणेने मोठे घोटाळे सुटतात: गिटारफिश शार्कसारखा दिसूनही पाकटांच्या गटात जातो आणि चपटा एंजल शार्क पाकटासारखा दिसूनही शार्कच राहतो. करवतमासा आणि सॉशार्क या दोघांनाही दातेरी लांब सोंड असते, पण सॉशार्कच्या फटी बाजूला असून सोंडेच्या मध्यावर दोन मिशा लोंबतात, करवतमाशाला मात्र मिशा नसतात.

सापासारखा लांब प्राणी आल्यास पर शोधावेत. वामीच्या पाठीवरून सहसा सलग पर जातो आणि डोक्यामागे कल्ल्याचे छोटे छिद्र असते. समुद्रसर्पाला पर व कल्ले दोन्ही नसतात, अंगावर खवले असतात आणि शेपटी वल्ह्यासारखी चपटी असते. पट्ट्यांवर विसंबू नये, कारण काही वामी समुद्रसर्पासारख्याच पट्टेरी असतात.

पारदर्शक, लिबलिबीत वस्तूंना सरसकट जेलीफिश म्हणण्याची सवय सोडावी. आठ उभ्या रांगांत इंद्रधनुषी चमक असेल, तर तो कंगवाजेली असतो आणि तो डंख करत नाही. पिंपासारखा दोन्ही टोकांना उघडा जीव बहुधा साल्प असतो, जो वंशाने जेलीफिशपेक्षा आपल्याला जवळचा आहे. निळसर फुग्याखाली लांब धागे असलेला पोर्तुगीज मॅन ओ' वॉर हा एक प्राणी नसून अनेक छोट्या जीवांची वसाहत असते. पानासारखा चपटा, काचेसारखा मासा ही वामीची अळी असू शकते. चारही कोपऱ्यांना शिंगे असलेली चामडी पिशवी ही स्केट या पाकटासारख्या चपट्या माशाची अंड्याची पिशवी असते. माशाच्या तोंडात जिभेच्या जागी सात पाय-जोड्यांचा फिकट किडा दिसला, तर तो जीभ खाऊन तिथेच राहणारा परजीवी असतो.

नाव पक्के करणे

गट कळला की परांतील काटे, मिशा आणि दातांची ठेवण फिशबेससारख्या माहितीसंग्रहातील वर्णनाशी ताडून पाहावी, किंवा छायाचित्रे आयनॅचरलिस्ट या सजीव ओळखण्याच्या ॲपवर टाकावीत. तिथे यंत्राने सुचवलेले नाव हा फक्त अंदाज मानावा. ती जात त्या समुद्रात आणि त्या खोलीवर आढळते का, हे तपासल्याशिवाय ते स्वीकारू नये. अनोळखी मासा खाण्याजोगा आहे का, याचा निर्णय तर कोणत्याही ॲपवर सोडू नये, कारण फुगणाऱ्या माशांतील टेट्रोडोटॉक्सिन हे विष शिजवल्यानेही नाहीसे होत नाही.

करवतमाशासारख्या संरक्षित जाती बाळगणे गुन्हा असू शकतो, म्हणून शंका येताच छायाचित्र घेऊन प्राणी सोडावा. मेलेला नमुना संग्रहालयाला किंवा मत्स्यसंशोधन संस्थेला द्यायचा असल्यास तो आतडी न काढता बर्फात ठेवावा. डीएनए तपासणीसाठी पराचा किंवा स्नायूचा छोटा तुकडा आधीच कापून तीव्र इथेनॉलमध्ये ठेवावा, कारण नमुने टिकवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या फॉर्मेलिनमध्ये डीएनए खराब होतो. बाटलीत टाकायची चिठ्ठी शिसपेन्सिलीने लिहावी, शाई अल्कोहोलमध्ये विरघळून जाते.