भूजलातल्या इवल्या गोगलगायी : शोधायच्या कशा, ओळखायच्या कशा

या गोगलगायी साधारण १ ते ४ मिलिमीटरच्या. डोळे नाहीत, अंगाला रंग नाही, ताजा शंख काचेसारखा आरपार. राहतात खडकांच्या भेगांत, विशेषतः चुनखडीच्या प्रदेशात. तिथे आपला हात पोहोचत नाही, म्हणून पाणी जिथे बाहेर पडते तिथूनच सुरुवात करायची: झऱ्याचे मुख, विहीर, गुहेतला ओहोळ. त्याआधी जागेच्या मालकाची आणि वन किंवा वन्यजीव खात्याची परवानगी घ्या. काही प्रजाती एकाच झऱ्यापुरत्या किंवा एकाच गुहेपुरत्या उरलेल्या असतात.

झऱ्याच्या तोंडाशी प्रवाह मंदावतो तिथला बारीक गाळ एक-दोन लिटर घ्या, त्याहून जास्त नको. त्याचे तिथेच दोन भाग करा. एक ओलाच, झऱ्याच्या पाण्यासकट, सावलीत आणि गार ठेवा. जिवंत प्राणी त्यातूनच मिळतील. दुसरा रिकाम्या शंखांसाठी.

हा दुसरा भाग ५ मिमी आणि ०.३ मिमीच्या चाळण्यांतून धुवा. वर उरलेले खडे जागीच सोडा, खालच्या चाळणीतला माल कागदावर पातळ पसरून पूर्ण वाळवा. सगळे काम या वाळवण्यावर अवलंबून आहे. कोरड्या शंखात हवा असते म्हणून तो तरंगतो. किंचित ओल राहिली तरी आत पाणी धरले जाते आणि तो वाळूबरोबर तळाला जातो. मग ‘इथे काहीच नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो. वाळलेला गाळ पाण्याने भरलेल्या पसरट भांड्यात हळूहळू सोडा, हलकेच ढवळा, पाच मिनिटे थांबा आणि वरचा थर बारीक जाळीने उचला. असे दोन-तीनदा करा. मातीने भरलेले शंख तरीही बुडतात, त्यामुळे तळचा गाळ चमचा-चमचा घेऊन दहापट भिंगाखाली पाहावाच लागतो. कंटाळवाणे काम आहे, पण ते टाळून चालत नाही.

ओला भाग त्याच दिवशी तपासा. उथळ बशीत, काळ्या पार्श्वभूमीवर थोडा गाळ पसरा. पांढऱ्या बशीत पारदर्शक शंख दिसतच नाही. दिवा मंद ठेवा, बशी न हलवता पंधरा-वीस मिनिटे वाट पाहा. आधी दोन नाजूक शुंडिका, म्हणजे डोक्यावरची शिंगे, बाहेर येतात, मग शंख एका बाजूला कलतो आणि सरकू लागतो.

झऱ्याच्या मुखाशी ०.२५ मिमीची जाळी लावूनही प्राणी मिळतात. पाऊस पडून गेल्यावर भेगांतले पाणी जोर धरते तेव्हा तर जास्तच. जाळी कडेने घट्ट बसली पाहिजे आणि दर काही तासांनी रिकामी केली पाहिजे, नाहीतर ती तुंबते आणि पाणी वरून निघून जाते. पावसाळी दिवसांत मात्र गुहेत उतरू नका.

गुहेतल्या ओहोळात दगड उलटून खालची बाजू पाहा आणि दगड होता तसाच परत ठेवा. अमेरिकेच्या मिसुरी राज्यातली आंट्रोबिया कल्वेरी ही गोगलगाय अशी दगडांच्या खालच्या बाजूला राहते. तिचे वर्णन १९७१ साली झाले, आणि संख्या झपाट्याने घटल्यामुळे २००२ साली ती संकटग्रस्त यादीत गेली.

ओळखताना सर्वांत जास्त फसवतात त्या जमिनीवरच्या गोगलगायी. कॅरिकियमचा शंख सुमारे २ मिमीचा, पांढरट, पण तोंडात दातांसारखे उंचवटे. सेसिलिओइडीस मुळांजवळच्या मातीत राहते, तीही आंधळी. तिचा शंख ४-५ मिमीचा, सुईसारखा निमुळता, आणि मधला खांब खाली कापल्यासारखा संपतो. दोन्ही पावसाने वाहून झऱ्यात येतात. जिवंत प्राण्यात मात्र शंका उरत नाही: भूजलातल्या या गोगलगायींना शंखाचे तोंड बंद करणारे झाकण असते, त्या दोघींना नसते.

रिकामा शंख सापडला म्हणजे प्राणी आज तिथे जगतो आहे असे नाही. पारदर्शक शंख ताजा, दुधाळ झालेला जुना. किती जुना ते नुसते पाहून कळत नाही. एकाच झऱ्यातल्या शंखांची ठेवणही बरीच बदलते. युरोपातल्या बिथिओस्पेयम गटात शंखांवरूनच ढीगभर नावे पडली, आणि त्यातून प्रजातींचा मोठा गोंधळ झाला. म्हणून जननेंद्रियांची रचना आणि डीएनए पाहिल्याशिवाय नवी प्रजाती जाहीर करू नये.

त्यासाठी पाच-सहा जिवंत प्राणी पुरतात. त्याहून कमी मिळाले तर फोटो काढून सोडून द्या. डीएनएसाठी थेट ९६ टक्के अल्कोहोलमध्ये टाका, पण आधी शेवटच्या वेटोळ्याला चिमट्याने बारीक तडा द्या. नाहीतर प्राणी झाकण लावून घेतो, अल्कोहोल आत जात नाही आणि डीएनए कुजतो. दुसऱ्या दिवशी अल्कोहोल बदला. शरीररचनेसाठी पाण्यावर मेंथॉलचे खडे टाकून काही तास थांबा. सुईने स्पर्श केल्यावर अंग आक्रसले नाही की ७०-८० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा. फॉर्मॅलिन नको, त्यातले आम्ल शंख खाते. चिठ्ठी पेन्सिलने लिहून कुपीच्या आत टाका: जागेचे अक्षांश-रेखांश, तारीख, पाण्याचे तापमान, प्राणी जिवंत होता की नुसता शंख.

पुढच्या झऱ्यावर जाण्याआधी जाळ्या, बूट, बादल्या घासून ५० अंश सेल्सिअसच्या पाण्यात किमान दहा मिनिटे बुडवा आणि पूर्ण वाळवा. न्यूझीलंडची चिखलगोगलगाय ओल्या सामानावर तग धरते आणि नराशिवाय पिल्ले देते, त्यामुळे एक मादीही नवी वसाहत उभी करते. ओला गाळ तपासून झाला की तो ज्या झऱ्याचा, त्याच झऱ्यात परत सोडा.