इंग्लंडात घर बघताय? आधी माळ्यावर चढा

मंडळाच्या गणपतीत दरवर्षी दोन-तीन नवी जोडपी घराबद्दल विचारायला येतात. स्टेशन किती लांब, शाळा कशी, इंडियन दुकान कुठे, हे सगळं त्यांनी आधीच काढलेलं असतं. भिंत भरीव की पोकळ, छताखाली काय अंथरलंय, हे मात्र कुणी विचारत नाही. आम्हीही विचारलं नव्हतं. पहिला अख्खा हिवाळा आम्ही स्वेटर घालून झोपलो.

इन्सुलेशन म्हणजे घराची गोधडी. गोधडी स्वतः ऊब देत नाही. थरांत अडकलेली हवा अंगची ऊब धरून ठेवते, एवढंच. गोधडी नसलेल्या घराची साधारण पाव ऊब छतातून जाते आणि भिंतींतून त्याहून जास्त.

भाड्याने राहणार असाल तर ईपीसी, म्हणजे घर किती ऊर्जा खातं याचं प्रमाणपत्र, मागा. ए ते जी अशी प्रत असते आणि काही सवलती सोडल्या तर ई-च्या खालचं घर भाड्याने देता येत नाही.

विकत घेणाऱ्यांनी बाहेर उभं राहून विटा बघाव्यात. सगळ्या लांब बाजूने दिसल्या तर भिंत बहुधा दुहेरी, मधे पोकळी. एक लांब, एक आखूड अशी रचना असेल तर भरीव. 1920 च्या आधीची घरं बहुतेक अशीच. पोकळीत बाहेरून भोकं पाडून मिनरल वूल किंवा पॉलिस्टायरीनचे मणी भरतात. पावसाचा थेट मारा बसणाऱ्या भिंतीत हे भरलं तर ओल आत उतरू शकते, म्हणून आधी भिंत तपासून घ्या. भरीव भिंतीला आतून किंवा बाहेरून बोर्ड लावावे लागतात. खर्च मोठा, आणि आतून लावले तर खोली लहान होते.

माळ्याचं काम सगळ्यात सोपं आणि पैसे वसूल करणारं. ग्लास वूलचे रोल मिळतात. तुळयांच्या मधे 100 मिमी, वरून आडवा 170 मिमी, एकूण 270. हातमोजे आणि मास्क घाला, नाहीतर अंग खाजत राहतं. कडेला छत उतरतं तिथे हवेची वाट बुजवू नका. पाण्याची टाकी असेल तर तिच्या खाली काही घालू नका. खालून येणाऱ्या उबेमुळेच ती गोठत नाही.

आता हात जोडून सांगते: दारावर येऊन छताला आतून फोम फवारून देतो म्हणणाऱ्याला घरात घेऊ नका. आम्ही घेतलं. घर उबदार झालं, आम्ही खूश. काही वर्षांनी विकायला काढलं तेव्हा सर्व्हेअर माळ्यावर चढला, दोन मिनिटांत उतरला आणि म्हणाला, "मला वासे दिसतच नाहीत." लाकूड आत कुजतंय का हे कळत नाही म्हणून गिऱ्हाइकाच्या बँकेने कर्ज नाकारलं. बऱ्याच बँका असंच करतात. फवारायला लागले त्याहून जास्त पैसे खरवडून काढायला गेले आणि गिऱ्हाईकही गेलं. "अनुदान मिळतं, आजच सही करा" असं कुणी म्हणालं तर दार लावून घ्या.

आणि खिडकीच्या चौकटीत वरती बारीक फटी असतात, त्यांना आपले लोक गार वारा येतो म्हणून चिकटपट्टी लावतात. कुकरची वाफ आणि रेडिएटरवर वाळणाऱ्या कपड्यांची ओल मग जाणार कुठे? बाहेरच्या भिंतीला टेकवलेलं कपाट पुढे ओढून बघा. मागे काळी बुरशी दिसली तर आधी ती पट्टी काढा आणि कपाट चार बोटं पुढे ठेवा.