डुकरांच्या शेडमध्ये नवे विषाणू शिरू नयेत म्हणून काय करावे

आसाम आणि अरुणाचल प्रदेशात २०२० साली आफ्रिकन स्वाइन फीव्हर या रोगाचे निदान झाले, तेव्हा तो ईशान्येकडचा प्रश्न म्हणून आपल्याकडे फारशी चर्चा झाली नाही. २०२२ च्या जुलैमध्ये तोच रोग केरळातील वायनाडमध्ये आढळला. एवढे अंतर डुक्कर चालत जात नाही. रोगी जनावर, त्याचे मांस, ते वाहणारी गाडी आणि ते हाताळणारा माणूस यांच्याबरोबर हा विषाणू प्रवास करतो, आणि कोल्हापूर तर पुणे-बेंगळुरू महामार्गावर आहे. इथून बेळगावला आणि गोव्याला माल जाण्याची वाट रोजची आहे. त्यामुळे हातकणंगले, शिरोळ, करवीर किंवा कागल तालुक्यात दहा डुकरे पाळणारे कुटुंब असो की शंभर माद्यांचे फार्म असो, पुढील कामे रोग जिल्ह्यात येण्याची वाट न पाहता आजच सुरू करावीत.

पहिली पायरी : कोणता रोग कसा येतो ते समजून घ्यावे

आफ्रिकन स्वाइन फीव्हरची शास्त्रीय नोंद प्रथम १९२१ मध्ये केनियातून झाली. २००७ मध्ये तो जॉर्जियात आणि २०१८ मध्ये चीनमध्ये पोहोचला. तो माणसाला होत नाही, परंतु डुकरांच्या कळपात शिरल्यास जवळजवळ सगळी डुकरे दगावू शकतात. व्हिएतनामने काही लसींना मान्यता दिली असली तरी आपल्याकडे त्यावर वापरता येईल अशी लस नाही आणि औषधही नाही. क्लासिकल स्वाइन फीव्हर, म्हणजे जुना हॉग कॉलरा, हा वेगळ्या विषाणूचा रोग असून त्याची लस मिळते. दोन्हींत जोराचा ताप येतो, खाणे सुटते, कानांवर व पोटाखाली लाल-जांभळे डाग पडतात आणि माद्या गाभडतात, त्यामुळे नुसत्या डोळ्यांनी त्यांत फरक करता येत नाही. म्हणूनच हॉग कॉलऱ्याची लस वेळेवर टोचून घेण्याला दुहेरी अर्थ आहे: एक रोग टळतो, आणि लस टोचलेल्या कळपात तशीच मरतूक दिसली तर दुसऱ्याचा संशय लगेच घेता येतो.

पीआरआरएस या, डुकरांचे प्रजनन आणि श्वसन बिघडवणाऱ्या विषाणूजन्य रोगाची भारतातील पहिली साथ २०१३ मध्ये मिझोरामात आढळली. गर्भ भरत आल्यावर माद्या गाभडणे, मेलेली किंवा अशक्त पिल्ले होणे आणि श्वासाचा त्रास ही त्याची लक्षणे असून नराच्या वीर्यातूनही तो पसरतो. पीईडी हा आतड्याचा कोरोनाविषाणूजन्य रोग आहे. आठवड्याच्या आतल्या पिल्लांना पाण्यासारखी हगवण लागून ती जवळजवळ सगळी दगावू शकतात. इन्फ्लुएन्झा माणसाकडून डुकराकडे आणि डुकराकडून माणसाकडे असा दोन्ही बाजूंनी जातो, म्हणून ताप-खोकला झालेल्या कामगाराला त्या दिवसांत शेडच्या कामातून सुट्टी द्यावी आणि ती भरपगारी असावी. नाहीतर तो आजार लपवून कामावर येईल.

दुसरी पायरी : खरकटे बंद करावे

संपूर्ण मार्गदर्शनातून एकच गोष्ट उचलायची असेल तर ही उचलावी. हॉटेल, खानावळ, मंगल कार्यालय यांचे खरकटे डुकरांना घालण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे, कारण खाद्य हाच वराहपालनातील सर्वांत मोठा खर्च आहे आणि खरकटे जवळजवळ फुकट मिळते. परंतु आफ्रिकन स्वाइन फीव्हरचा विषाणू गोठवलेल्या मांसात वर्षानुवर्षे आणि खारवलेल्या-वाळवलेल्या मांसात महिनोन्महिने जिवंत राहतो. कोणाच्या तरी ताटात उरलेला सॉसेजचा एक तुकडा बादलीतून शेडमध्ये गेला तरी तेवढे पुरते. वायनाडच्याही पलीकडचे मांस महामार्गावरच्या एखाद्या हॉटेलात आलेले असू शकते आणि ते खरकटे उचलणाऱ्याला त्याचा पत्ता असण्याचा काही मार्ग नाही.

शक्य असेल त्यांनी मका, भाताचा कोंडा, गव्हाचा कोंडा, पेंड आणि खनिज मिश्रण यांवर यावे. मार्केट यार्डातील भाजीचा पाला चालेल, मात्र तो मांस विकल्या जाणाऱ्या जागेतून आलेला नसावा. ज्यांना खरकट्याशिवाय गत्यंतरच नाही त्यांनी ते ९० अंश सेल्सिअस तापमानात किमान एक तास सतत ढवळत शिजवावे. वर फेस आला म्हणजे अन्न शिजले असे होत नाही. मोठ्या काहिलीत तळाशी उकळी असते आणि मधला गोळा कोमट राहतो. कच्चे खरकटे आणणारी बादली आणि शिजलेले घालणारी बादली वेगवेगळ्या रंगांच्या असाव्यात, आणि कच्ची बादली शेडच्या कुंपणाच्या आत कधीच येऊ नये. माझे मत विचाराल तर या सरपणाचा व मजुरीचा हिशेब मांडल्यावर खरकटे वाटते तितके स्वस्त उरत नाही.

तिसरी पायरी : शेडभोवती रेघ आखावी

शेडच्या चारी बाजूंनी डुकरालाच नव्हे तर कुत्र्यालाही ओलांडता येणार नाही असे कुंपण घालावे आणि आत येण्यासाठी एकच फाटक ठेवावे. फाटकाजवळ एक बाकडे आडवे टाकावे. बाहेरची चप्पल बाकड्याच्या बाहेरच्या बाजूला काढावी, पाय उचलून आतल्या बाजूला ठेवावेत आणि तिथे ठेवलेले, फक्त शेडमध्येच वापरायचे गमबूट घालावेत. ही साधी सवय जंतुनाशक औषधात पाय बुडवण्याच्या टाकीपेक्षा अधिक विश्वासार्ह आहे. टाकी ठेवूच नये असे नाही, पण चिखल-शेण लागलेला बूट औषधात बुडवून काही उपयोग होत नाही, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात उघड्यावरची टाकी तासाभरात नुसत्या पावसाच्या पाण्याने भरते. टाकीवर छप्पर असावे, आधी बूट ब्रशने घासून धुवावेत आणि औषधाचे पाणी रोज बदलावे.

निर्जंतुकीकरणाचा क्रम सगळीकडे हाच आहे: आधी खरवडावे, मग साबणाच्या पाण्याने धुवावे, वाळू द्यावे आणि नंतर औषध फवारून किमान अर्धा तास राहू द्यावे. दोन टक्के कॉस्टिक सोडा, म्हणजे एक लिटर पाण्यात २० ग्रॅम, हे स्वस्त आणि प्रभावी आहे; मात्र तो कातडी व डोळे जाळतो, म्हणून रबरी हातमोजे आणि चष्मा घालावा, सोडा पाण्यात टाकावा, सोड्यावर पाणी ओतू नये. जनावरे आत असताना तो फवारू नये.

चौथी पायरी : व्यापारी, गाडी आणि नवे जनावर

डुकरे खरेदी करणारा व्यापारी एका दिवसात अनेक शेड फिरतो. तो आपला शत्रू नाही, त्याच्यामुळेच माल विकला जातो. तरीही त्याने आत येऊन जनावर पाठीवर हात मारून पाहण्याची रीत बंद झाली पाहिजे. विक्रीची डुकरे कुंपणापासून दूर बांधलेल्या छोट्या कोंडवाड्यात आणून ठेवावीत, सौदा तिथेच व्हावा, वजन तिथेच व्हावे, आणि गाडीत चढवलेले जनावर सौदा फिसकटला तरी पुन्हा शेडमध्ये घेऊ नये. खाद्याची पोतीही फाटकावर उतरवून घ्यावीत. दुसऱ्या शेडमधून आलेली रिकामी पोती वापरू नयेत.

नवी मादी किंवा नर आणल्यास तो ३० दिवस मुख्य शेडपासून वेगळा ठेवावा, त्याचे खाणे-पाणी शेवटी करावे आणि त्याची बादली, फावडे वेगळे असावे. पैदाशीसाठी नर गावोगाव फिरवण्याची पद्धत पूर्ण सोडावी. लस किंवा औषध टोचताना प्रत्येक डुकराला वेगळी सुई हवी. ताप आलेल्या डुकराच्या रक्तात विषाणू इतका दाट असतो की एकाच सुईने पुढची वीस डुकरे टोचणे म्हणजे वीस डुकरांना रोग देणे होय.

पाचवी पायरी : रान, झाडे आणि पूर

चंदगड, आजरा, राधानगरी, गगनबावडा या भागांत रानडुकरे उसात आणि भातात उतरतात. त्यांनाही स्वाइन फीव्हर होतो. मोकळी सोडलेली पाळीव डुकरे त्यांच्यात मिसळू देऊ नयेत. शिवारात मेलेले रानडुक्कर दिसल्यास हात न लावता वन विभागाला कळवावे. मलेशियात १९९८-९९ मध्ये निपाहचा, म्हणजे वटवाघळांकडून डुकरांना आणि डुकरांकडून माणसांना होणाऱ्या विषाणूचा, उद्रेक झाला तेव्हा डुकरांच्या शेडलगत फळझाडे होती आणि वटवाघळांनी अर्धवट खाल्लेली फळे आत पडत होती. तिथे सुमारे २६५ माणसे आजारी पडली, त्यांपैकी १०५ दगावली आणि दहा लाखांवर डुकरे मारावी लागली. महाबळेश्वरच्या एका गुहेतील वटवाघळांत निपाहच्या खुणा सापडल्याचे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केले आहे. यामुळे घाबरून वटवाघळे मारत सुटू नये. आंबा, पेरू, चिक्कूच्या झाडाखाली शेड बांधू नये आणि आधीच बांधलेले असल्यास वर जाळी मारावी, इतकेच करायचे आहे.

कोल्हापूरच्या वराहपालकाने पुराचा विचार वेगळा करायला हवा. २०१९ आणि २०२१ च्या पुरांत पंचगंगेकाठच्या माणसांनी जनावरे मिळेल त्या उंचवट्यावर नेली. अशा वेळी चार शेडमधली डुकरे एका जागी येतात आणि एकाकडचा रोग चौघांकडे जातो. म्हणून जूनच्या आधीच आपली उंचावरची जागा ठरवून ठेवावी, तिथे बांबूचे किंवा जाळीचे वेगळे कप्पे करता येतील एवढे साहित्य असावे, आणि परतल्यावर गाळ काढून, धुऊन, औषध फवारल्याशिवाय डुकरे शेडमध्ये घालू नयेत. पुरात वाहून आलेले मेलेले जनावर शेडजवळ अडकले असेल तर ते पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवूनच हलवावे.

सहावी पायरी : रोज पाहावे, लिहून ठेवावे

सकाळी खाद्य घालताना कोण उठले नाही हे पाहणे ही सर्वांत चांगली तपासणी आहे. निरोगी डुकराचे तापमान ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. ते ४० च्या वर गेले आणि खाणे सुटले तर संशय घ्यावा. वहीत तारीख, आजारी जनावर, मरतूक, आलेली गाडी आणि आलेला माणूस एवढेच लिहावे. साथ आली तर ही वही पशुवैद्यकाला कोणत्याही आठवणीपेक्षा जास्त उपयोगी पडते.

सातवी पायरी : संशय आल्यावरचे पहिले काही तास

इथेच बहुतेक साथी हाताबाहेर जातात. दोन डुकरे मेली की उरलेली मरण्यापूर्वी मिळेल त्या भावाला विकून टाकावीत असे वाटते, आणि ज्याच्या घरचा वर्षभराचा पैसा त्या डुकरांत अडकला आहे त्याला हे वाटणे मी समजू शकतो. पण वरून धडधाकट दिसणारे, रोग अंगात भिनत असलेले जनावर तालुक्याबाहेर नेणारी गाडी हीच साथीची वाट होते. शिवाय सरकारी नुकसानभरपाई ही रोग निश्चित झाल्यावर सरकारी पथकाने मारलेल्या डुकरांसाठी असते. आधीच मेलेल्या किंवा विकलेल्या डुकरांचा त्यात समावेश होत नाही. लवकर कळवण्यात पालकाचाही फायदा आहे.

विक्री, कत्तल आणि ये-जा त्याच क्षणी थांबवावी. गावच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना किंवा १९६२ या क्रमांकावर कळवावे. प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांबाबतच्या २००९ च्या कायद्यानुसार कळवणे हे मालकाचे कर्तव्यही आहे. मेलेले डुक्कर कापू नये, त्याचे पोट फाडून पाहू नये, कारण सांडलेल्या रक्ताने जमीन दूषित होते. ते ताडपत्रीने झाकून कुत्रे, कावळे यांपासून दूर ठेवावे. नमुने सरकारी पशुवैद्यकच घेतील. निश्चित निदान भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत होते. त्या दिवसांत घरातल्या कोणीही दुसऱ्याच्या शेडमध्ये पाऊल टाकू नये.

आठवी पायरी : निदान झाल्यावर आणि त्यानंतर

आफ्रिकन स्वाइन फीव्हर निश्चित झाल्यास राष्ट्रीय कृती आराखड्यानुसार बाधित जागेपासून एक किलोमीटरच्या परिघातील डुकरे मारली जातात आणि दहा किलोमीटरपर्यंत देखरेख ठेवली जाते. मारलेली डुकरे पुरण्याच्या खड्ड्याची जागा निवडताना पूररेषा डोळ्यासमोर ठेवावी: नदीकाठच्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात पाणी वर येते, तिथे पुरलेले जनावर पुढच्या पुरात उघडे पडू शकते. विहीर, ओढा आणि वस्ती यांपासून दूर, उंच जागी खोल खड्डा घ्यावा, चुना घालावा आणि वरून काटेरी कुंपण करावे. शेडमधले पाचट, लाकडी फळ्या आणि उरलेले खाद्यही नष्ट करावे, कारण सच्छिद्र लाकूड धुऊन स्वच्छ होत नाही.

शेड दोनदा धुऊन, फवारून किमान ४० दिवस रिकामे ठेवावे आणि पशुसंवर्धन खात्याची परवानगी मिळाल्यावरच पुढे जावे. तेव्हाही सगळा कळप एकदम भरू नये. शंभर डुकरांच्या शेडमध्ये आधी दहा डुकरे सोडावीत, त्यांना सगळ्या कप्प्यांत फिरू द्यावे आणि सहा आठवडे रोज तापमान घेत राहावे. ती दहाही व्यवस्थित खाती-पिती राहिली आणि त्यांच्या रक्ताच्या तपासणीत विषाणू आढळला नाही, तर उरलेल्या जागेसाठी, खात्रीच्या ठिकाणाहून आणि पुन्हा ३० दिवस वेगळी ठेवून, नवी जनावरे आणावीत.