विमानाला वँकेल इंजिन बसवताय? या चुका टाळा

हलक्या विमानासाठी घरच्या घरी रोटरी, म्हणजे वँकेल इंजिन तयार करणारा कुणी भेटला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "पोर्ट (हवा आत घेण्याच्या आणि धूर सोडण्याच्या वाटा) मोठे केले तर पॉवर किती वाढेल?" मी उलट विचारतो, रेडिएटरला हवा कुठून देणार आहात? त्यावर बहुतेक वेळा शांतता असते. सगळ्या चुकांचं मूळ मला तिथेच दिसतं. लोक महिनोन्‌महिने इंजिनाच्या पोटात घालवतात. त्याच्याभोवती जे लागतं, म्हणजे पाणी, तेल, धुराचा पाइप, वीज, गिअरबॉक्स, ते शेवटच्या पंधरा दिवसांत उरकतात. आणि विमान खाली उतरायला लावतं ते हेच उरकलेलं काम. इंजिन फार क्वचित.

आधी एक खुलासा, कारण जुनी पुस्तकं वाचून गोंधळ होतो. पहिल्या महायुद्धातल्या नोम किंवा ल रोन इंजिनांनाही रोटरीच म्हणतात, पण त्यांत प्रोपेलरबरोबर सगळे सिलिंडर फिरायचे. मी बोलतोय ते फेलिक्स वँकेल यांच्या कल्पनेतून आलेल्या, १९५७ साली एनएसयू कंपनीत पहिल्यांदा चाललेल्या इंजिनाबद्दल. आपल्यासारख्यांच्या हाती बहुतेक माझ्दाचं १३बी येतं: दोन रोटर (पिस्टनच्या जागी फिरणारे तिकोनी भाग), प्रत्येकी ६५४ सीसी, एकूण १३०८. व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, कनेक्टिंग रॉड नाहीत. फिरणारे मुख्य भाग तीनच, दोन रोटर आणि एक एक्सेंट्रिक शाफ्ट. या साधेपणावर माझं मनापासून प्रेम आहे. म्हणूनच बाकीच्या हलगर्जीपणामुळे हे इंजिन बदनाम झालेलं बघवत नाही.

काटा हलत नाही म्हणजे सगळं ठीक आहे, असं समजू नका

आमचं दुसरं इंजिन स्टँडवर चढवलं तेव्हाची गोष्ट. प्रोपेलर लावलेला, स्टँड जमिनीला साखळ्यांनी बांधलेला. थ्रॉटल वाढवत नेला. पाण्याच्या तापमानाचा काटा ८० वर येऊन थांबला तो थांबलाच. सोबतचा मित्र खूश होऊन म्हणाला, "अरे बघ, हलतसुद्धा नाही!" मलाही बरं वाटलं. खरं तर तिथेच शंका यायला हवी होती. थ्रॉटल वाढतोय आणि काटा जागेवर, असं कधी होतं?

चार-पाच मिनिटांनी कूलंटचा गोडसर वास आला. इंजिन बंद केलं, प्रोपेलर पूर्ण थांबू दिला आणि मगच जवळ गेलो. रेडिएटरला हात लावला तर तो नुसता कोमट. इंजिनाच्या वरच्या बाजूला ओल्या फडक्यातून एक थेंब पाडला, तर तो चुर्र करून उडून गेला. खाली कोमट आणि वर तवा.

झालं असं होतं की पाणी भरायचं टोपण इंजिनाच्या सर्वांत वरच्या पाण्याच्या वाटेपेक्षा दोन बोटं खाली होतं. वर हवा अडकली होती आणि सेन्सर नेमका त्या हवेत बसला होता. सेन्सरला पाण्याचा स्पर्श नसेल तर तो खरं तापमान दाखवत नाही, कमी दाखवतो. आम्ही मीटरवर विश्वास ठेवला आणि मीटर बिचारं हवा मोजत होतं.

दुसऱ्या दिवशी इंजिन सुरू व्हायला त्रास, सुरू झाल्यावर पांढरा धूर, टोपण उघडं ठेवलं तर टाकीत बुडबुडे. एक प्लग काढला तो कूलंटने ओला. इंजिन खोललं. रोटर हाउसिंगच्या (रोटर ज्यात फिरतो त्या कवचाच्या) खाचेतलं पाण्याचं रबरी सील प्लगच्या बाजूला कडक होऊन बिस्किटासारखं तुटत होतं. त्यामागचं कारण समजून घ्या. रोटरची हाउसिंग ॲल्युमिनियमची, बाजूच्या प्लेटा बिडाच्या, आणि ही सगळी चळत लांब स्टीलच्या बोल्टांनी आवळलेली. ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. बोल्ट त्याला जागा देत नाहीत, म्हणून ते चेपतं. थंड झालं की पकड ढिली पडते आणि पाणी आत शिरतं. पिस्टन इंजिन एकदा तापलं तर कधीकधी माफ करतं. हे करत नाही.

तेव्हापासूनच्या माझ्या सवयी सांगतो. दाबाचं टोपण असलेली टाकी संपूर्ण सर्किटमध्ये सर्वांत उंच. विमान शेपटीच्या चाकाचं असेल तर जमिनीवर नाक वर असतं आणि उडताना सरळ, म्हणजे 'सर्वांत उंच' ही जागाच बदलते. म्हणून मी शेपटी खाली ठेवून एकदा आणि शेपटी उचलून टेकू देऊन पुन्हा एकदा, असं दोनदा पाणी भरतो. जिथे हवा अडकू शकते त्या प्रत्येक जागेवरून टाकीकडे एक बारीक नळी नेतो. आणि तापमानाच्या मीटरशेजारी पाण्याच्या दाबाचं मीटर बसवतोच बसवतो. इंजिन गरम आहे आणि दाब शून्य आहे, याचा अर्थ पाणी गेलंय, मग तापमानाचा काटा काहीही म्हणो. दाब फार महत्त्वाचा आहे: साधारण १ किलो दाबाच्या टोपणामुळे पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं. टोपण गळकं असेल तर ते २० अंश तुमच्या हातून गेले.

आता तेल. इंजिन थंड ठेवायला जी उष्णता बाहेर काढावी लागते तिच्यातला साधारण तिसरा हिस्सा तेलातून बाहेर जातो, कारण रोटर आतून तेलानेच थंड होतात. तरीही मला दिसतो तो पाण्याचा भलामोठा रेडिएटर आणि त्याच्या कोपऱ्यात चिकटवलेला हातभर नळ्यांचा इवलासा ऑइल कूलर. तेलाचं तापमान ९५ च्या वर गेलं की मी पॉवर कमी करतो. वाद नाही.

आणि मोठा रेडिएटर हा उपाय नाही. वाऱ्यात उघडा ठेवलेला चौकोन हवा ढकलून देतो आणि हवा बाजूने निघून जाते. तोंड लहान, मग हळूहळू रुंद होत जाणारा मार्ग, मागे बाहेर पडायला कमी दाबाची जागा, आणि कडेच्या प्रत्येक फटीत रबर किंवा फोम. बोटभर फटीतूनही हवा पळते. "जमिनीवर तर तापत नाही," असं कुणी म्हणालं की मी विचारतो, चढताना काय? पॉवर पूर्ण, वेग कमी, आणि खाली उतरायला जागा नाही, अशी वेळ नेमकी तेव्हाच असते.

गिअरबॉक्सची खडखड ऐकून आयडल वाढवू नका

१३बी आपली ताकद ६००० ते ७५०० आरपीएमला देतं. प्रोपेलर साधारण २७०० च्या आत ठेवायचा असतो. गिअरबॉक्सचं रिडक्शन (वेग किती पटीने कमी होतो ते प्रमाण) २.१७ असेल तर ६००० ला प्रोपेलर २७६५ वर जातो, २.८५ असेल तर ७५०० ला २६३२ वर. हे गणित कागदावर करायला दोन मिनिटं लागतात, तरी लोक आधी गिअरबॉक्स विकत घेतात आणि मग प्रोपेलर शोधत बसतात.

पण खरी मेख वेगळी आहे. इंजिन सलग ढकलत नाही, ठोके देत ढकलतं. दोन रोटरच्या इंजिनात शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्याला दोन ठोके. १५०० आरपीएम म्हणजे सेकंदाला ५०. शाफ्ट, गिअर आणि जड प्रोपेलर मिळून एका ठरावीक ठोक्याला पिळवटून डोलू लागतात. हे डोलणं आयडलच्या (थ्रॉटल बंद असताना इंजिन ज्या वेगाने चालतं त्याच्या) जवळपास आलं की गिअरचे दात एकमेकांवर आपटतात.

ओळखीच्या एकाचं विमान असंच खडखडायचं. त्याने डॅम्पर (हे ठोके शोषून घेणारा भाग) बसवला नव्हता. "तो यायला वेळ लागतोय, तोवर चालवून बघू." खडखड थांबावी म्हणून आयडल वाढवला आणि खरंच आवाज गेला. त्याला वाटलं दुखणं गेलं. पण प्रत्येक वेळी इंजिन सुरू करताना आणि बंद करताना ते त्याच पट्ट्यातून जात होतं. काही तासांनी त्याने मला बघायला बोलावलं. कव्हर काढलं तर स्प्लाइनच्या (शाफ्टवरच्या दातेरी खाचांच्या) कडेला लालसर तपकिरी भुकटी साचलेली, बोटावर घेतली तर हळदीसारखी मऊ. ओलाव्याने चढलेला गंज नव्हे, पोलाद पोलादावर घासून झालेली धूळ. दातांच्या कडा आरशासारख्या चकचकीत झाल्या होत्या. तो शाफ्ट हवेत तुटला असता, तर इंजिन मोकळं गरगरलं असतं आणि प्रोपेलर नुसता वाऱ्यावर. ती भुकटी मी अजून डबीत ठेवली आहे. डॅम्पर 'नंतर लावू' म्हणणाऱ्या प्रत्येकाला दाखवतो.

इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये मऊ रबरी कपलिंग हवं, म्हणजे तो डोलण्याचा वेग आयडलच्या बराच खाली जातो. प्रोपेलर हलका, लाकडी किंवा कंपोझिट. आणि उरलेल्या वाईट पट्ट्यात थांबायचं नाही, त्यातून पटकन पार व्हायचं.

बाकीच्या, थोडक्यात

जुनं इंजिन घेताना साधं कॉम्प्रेशन गेज लावून समाधान मानू नका. रोटरला तीन बाजू असतात, आणि गेजमधला व्हॉल्व्ह तिघींतला सर्वांत मोठा आकडा धरून ठेवतो. एक बाजू मेलेली असली तरी कळत नाही. तो व्हॉल्व्ह काढा, स्टार्टर फिरवा आणि काट्याच्या तीन उड्या सारख्या आहेत का बघा. मी मोबाइलवर स्लो मोशनमध्ये टिपून ठेवतो.

धुराचा पाइप पातळ साध्या पत्र्याचा करू नका. या इंजिनाचा धूर ९०० अंशांच्या घरात असतो. सायलेन्सरच्या आतल्या जाळ्या सुटतात आणि तोंड बंद करतात. ३२१ स्टेनलेस, जाड, आणि आधार इंजिनालाच; फायरवॉलला (इंजिन आणि कॉकपिटमधल्या भिंतीला) बांधलात तर चिरा पडणारच.

कुणी बघायला आलं म्हणून दहा सेकंद सुरू करून बंद करू नका. पेट्रोलने हाउसिंगवरचं तेल धुतलं जातं, सील धरत नाहीत आणि इंजिन 'फ्लड' होतं. झालंच तर इंजेक्टर बंद करून थ्रॉटल पूर्ण उघडून फिरवा, प्लगच्या भोकातून थोडं तेल सोडा.

प्लगच्या वायरी उलटसुलट करू नका: प्रत्येक रोटरला दोन प्लग, खालचा लीडिंग (आधी ठिणगी देणारा), वरचा ट्रेलिंग (मागून देणारा). ठिणगी चुकीच्या वेळी पडली की डिटोनेशन (इंधनाचा बेलगाम भडका) होतं आणि ॲपेक्स सील (रोटरच्या टोकावरचं सील) तुटतं. हेडसेट घातलेल्या माणसाला त्याचा आवाजही येत नाही.

तेल सोडणारा मीटरिंग पंप काढून टाकलात तर पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक तेल घालणं विसरायचं नाही. मी १०० लिटरला पाऊण लिटर घालतो आणि टाकीच्या टोपणावर तसं रंगाने लिहून ठेवलं आहे, कारण पेट्रोल दर वेळी मीच भरेन असं नाही.

सिलिकॉन सीलंट बोटभर थापू नका. आत दाबलं गेलेलं सुटतं आणि तेलाच्या जाळीत जाऊन बसतं.

विजेबद्दल एकच, पण नीट ऐका. इंजेक्शन आणि इग्निशन दोन्ही विजेवर असतील तर वीज गेली की इंजिन गेलं. म्हणून लोक दोन बॅटऱ्या लावतात, दोन पंप, दोन कंट्रोलर, आणि सगळ्यांचं अर्थिंग एकाच बोल्टवर आणून आवळतात. मी दोन अर्थ दोन वेगळ्या जागी नेतो. दर महिन्याला विमान बांधून इंजिन २५०० वर ठेवतो, आणि एक बॅटरी पूर्ण तोडून, मग दुसरी तोडून, प्रत्येकीवर पाच पाच मिनिटं चालवून बघतो. एकदा दुसऱ्या बॅटरीवर सत्तराव्या सेकंदाला इंजिन बंद पडलं. टर्मिनलखाली रंगाचा एक पापुद्रा राहिला होता, नखाने निघाला.