ज्वारीच्या पोटरीतून परागाच्या जनुकांकडे

सोलापूर जिल्ह्यात रब्बीची ज्वारी पोटऱ्यावर आली की शेतकरी थंडीचा आणि जमिनीतल्या ओलीचा हिशेब मांडू लागतो. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करताना मला त्याच पोटरीत, पानाच्या आवरणाने झाकलेल्या कणसात, माझ्या विषयाचा खरा अभ्यासक्रम सापडला. मात्र तो सापडण्यापूर्वी माझा एक पूर्ण हंगाम वाया गेला होता. परागकणांची घडण आणि नरवंध्यत्व, म्हणजे पराग वांझ निपजणे, या विषयाकडे नव्याने वळणाऱ्या विद्यार्थ्यांचा तेवढा हंगाम तरी वाचावा, म्हणून हे लिहिते आहे.

प्रथम विषयाचा गाभा सांगते, कारण तो कळला नाही तर पुढची मेहनत आंधळी ठरते. परागकोशाच्या भिंतीतला सर्वांत आतला थर म्हणजे टॅपेटम. हा थर ज्यांच्यापासून पराग घडतो त्या परागमातृपेशींना अन्न पुरवतो, अर्धगुणसूत्री विभाजनानंतर चार सूक्ष्मबीजाणूंभोवती (पुढे पराग होणाऱ्या पेशींभोवती) राहिलेले कॅलोजचे वेष्टन विरघळवणारी विकरे स्रवतो, परागाच्या टणक बाह्यकवचासाठी लागणाऱ्या स्पोरोपोलेनिनचा कच्चा माल तयार करतो, आणि काम आटोपले की ठरलेल्या वेळी स्वतः विरून जातो. तो लवकर विरला तर पराग उपाशी मरतो आणि वेळ टळून गेल्यावरही टिकून राहिला तरी पराग वांझच निपजतो. ॲरॅबिडॉप्सिस या छोट्या प्रायोगिक वनस्पतीत या साऱ्या कामाची जनुकीय साखळी बरीच उलगडली आहे. त्यात स्पोरोसाइटलेस हे जनुक नसेल तर परागमातृपेशीच घडत नाहीत. ईएमएस१ नसेल तर टॅपेटम बनत नाही आणि परागमातृपेशी मात्र प्रमाणाबाहेर वाढतात. त्यापुढे डीवायटी१, टीडीएफ१, एएमएस, एमएस१८८ आणि एमएस१ अशी नियंत्रक जनुकांची उतरंड लागते, ज्यात वरचे जनुक खालच्याला जागे करते. भातातले टीडीआर हे एएमएसचे भावंड आहे, तर ज्वारीतले एमएस९ हे एमएस१च्या कुळातले आहे. ही नावे पाठ करण्यात मी पहिले काही महिने घालवले. त्याऐवजी टॅपेटम कोणत्या अवस्थेत काय करतो याचे चित्र कागदावर काढून त्याच्या कडेला नावे मांडली असती, तर ती आपोआप लक्षात राहिली असती.

यातली बरीच जनुके परागकोशाच्या आयुष्यातल्या थोड्याच काळापुरती जागी असतात. नेमकी हीच गोष्ट मी वाचली होती, पण समजले नव्हते. मार्गदर्शकांनी मिळवून दिलेल्या एका नरवंध्य आणि एका प्रजननक्षम वाणाच्या ओळी मी आमच्या मोहोळकडच्या रानात पेरल्या. पोटरीतली कणसे कापली, प्रत्येक कणसातली सारी फुले एकत्र वाटून आरएनए काढला (कोणते जनुक जागे आहे हे त्यावरून कळते) आणि दोन वाणांची तुलना केली. फरक जवळजवळ काहीच दिसला नाही. मी रसायनांना दोष दिला, यंत्राला दोष दिला, पुन्हा आरएनए काढला, निकाल तोच. पुढच्या वर्षी बांधावर बसून एक पोटरी सोलून पाहत असताना आप्पा सहज म्हणाले, "कणीस काय एकदम फुलतंय व्हय? शेंड्याकडनं खाली उतरत येतंय, चार-पाच दिवस लागत्यात." माझी चूक तिथे उघडी पडली. एकाच कणसात शेंड्याकडची फुले परागाने भरत आलेली असतात, तेव्हा बुडाकडच्या फुलांत विभाजनही सुरू झालेले नसते. मी सगळ्या अवस्था एकत्र वाटून त्यांची सरासरी काढली होती, आणि त्या सरासरीत सारा फरक बुडून गेला होता. रब्बीचे पीक वर्षातून एकदाच येते, त्यामुळे या एका चुकीची किंमत बारा महिने होती.

त्यानंतर मी ज्या रीतीने काम केले, ती रीत प्रत्येक नवागताने पहिल्याच आठवड्यात शिकून घ्यावी असे मला मनापासून वाटते. ज्वारीच्या कणसात फुले जोडीने असतात: एक बिनदेठाचे, ज्यात दाणा भरतो, आणि एक देठाचे, जे मागाहून वाढते. नमुना नेहमी बिनदेठाच्या फुलाचाच घ्यावा. त्यात तीन परागकोश असतात आणि ते सहसा एकाच अवस्थेत असतात. एक परागकोश काचपट्टीवर ॲसिटोकार्मिन या गुणसूत्रे रंगवणाऱ्या द्रवाच्या थेंबात ठेवून सुईने हलकेच फोडावा, आच्छादनकाच ठेवून टिपकागदाखाली अंगठ्याने दाबावा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. गुणसूत्रांच्या १० जोड्या दिसत असतील तर विभाजन सुरू आहे. चार पेशी एका चकाकत्या वेष्टनात एकमेकींना चिकटून असतील तर ती चतुष्क अवस्था. सुटे गोल बीजाणू आणि मध्ये मोठी रिक्तिका (द्रवाने भरलेली पोकळी) असेल तर त्यापुढची. अवस्था पटली की उरलेले दोन परागकोश लगेच द्रवरूप नायट्रोजनमध्ये टाकावेत आणि परागकोशाची लांबी वहीत लिहावी. पन्नासेक फुले अशी पाहिल्यावर केवळ लांबीवरून अवस्था ओळखू येऊ लागते. सुरुवातीला मला एका फुलाला वीस मिनिटे लागत. ती वीस मिनिटे वाया जात आहेत असे कुणालाही वाटू नये.

नरवंध्यत्वाकडे वळताना आपल्या भागाचा एक विलक्षण धागा हाती येतो. पेशीद्रवीय नरवंध्यत्वात दोष केंद्रकात नसून पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकांच्या (मायटोकाँड्रियांच्या) जनुकसंचात असतो. तिथे एखादे विचित्र, जोडजंतर जनुक तयार होते आणि ज्या टॅपेटमला त्या काळात प्रचंड ऊर्जा लागते, त्यालाच त्याचा फटका बसतो. बाकी झाड धडधाकट राहते. केंद्रकातले पुनर्स्थापक जनुक हा दोष झाकू शकते. अशी अनेक जनुके पीपीआर कुळातली प्रथिने बनवतात आणि ही प्रथिने दोषी आरएनएला गाठून निष्प्रभ करतात. १९५४ साली स्टीफन्स आणि हॉलंड यांनी मायलो ज्वारीचे पेशीद्रव आणि काफिर ज्वारीचे केंद्रक यांच्या संयोगातून मिळालेले नरवंध्यत्व जगापुढे मांडले. त्याच्याच आधारे भारताचा पहिला संकरित ज्वारी वाण सीएसएच-१ हा १९६४ मध्ये आला. पण नरवंध्यत्व देणारी पेशीद्रवे एवढीच नाहीत; त्यांना ए१, ए२ अशी गटांची नावे आहेत. त्यांतल्या एकाचे नाव मालदांडी आहे. ज्या मालदांडी ३५-१ ची निवड आपल्या मोहोळच्या केंद्रावर झाली, जिची भाकरी आपण खातो आणि जिचा कडबा जनावरांपुढे टाकतो, तिचेच पेशीद्रव जगभरच्या संशोधनात ए४ गटात मोजले जाते. त्याला पुरून उरणारी पुनर्स्थापक जनुके दुर्मीळ आहेत, म्हणून संकरित बियाण्यासाठी ते फारसे वापरात आले नाही. हे मी प्रथम वाचले तेव्हा वाचनालयातून उठून थेट घरी फोन केला होता.

इथे काम करणाऱ्याने थंडीचे भान सोडू नये. विभाजनाच्या काळात रात्री फार गार पडल्या तर प्रजननक्षम ज्वारीतही पराग वांझ होऊ शकतो आणि पुनर्स्थापक जनुक असूनही संकरित झाडाच्या कणसात दाणे विरळ भरतात. म्हणून एखादे झाड नरवंध्य आहे असे लिहिण्यापूर्वी त्या आठवड्यातले किमान तापमान रोज टिपलेले असले पाहिजे. आयोडीनने काळा पडलेला पराग स्टार्चने भरलेला आहे एवढेच सांगतो, तो रुजेलच असे नाही. त्यामुळे निवाडा कागदी पिशवीवर सोपवावा. फूल उमलण्यापूर्वी कणसावर पिशवी चढवून बांधायची, फुलोरा संपेपर्यंत ती काढायची नाही आणि पुढे दाणे मोजायचे. काही पेशीद्रवांत, विशेषतः ए२ मध्ये, वांझ परागकोश दिसायला अगदी सुफल परागकोशांसारखे असतात, तिथे डोळ्यांवर विसंबणारा हमखास फसतो.

पुढच्या वाटेविषयी थोडक्यात. विज्ञान शाखेतून आलेल्यांनी जीवविज्ञानातील सीएसआयआर-यूजीसी नेट किंवा गेटची तयारी करावी, तर कृषी पदवीधरांना भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या परीक्षांमधून वनस्पती प्रजननाकडे जाता येते. हैदराबादच्या भारतीय कदन्न संशोधन संस्थेचे रब्बी ज्वारी केंद्र सोलापुरातच आहे आणि बियाणे उद्योगात उतरायचे असेल तर जालना दूर नाही. कोठेही मुलाखतीला गेलात तरी तुम्ही स्वतः काढलेली परागकोशाच्या अवस्थांची छायाचित्रे आणि लांबीची वही सोबत न्या. माझ्या मुलाखतीत पहिले दहा मिनिटे त्या वहीवरच प्रश्न झाले, आणि जनुकांची नावे विचारण्याची पाळी त्यानंतर आली.