एकाच संगणकावर पीडीएफचे मोफत आणि सशुल्क सॉफ्टवेअर कसे बसवावे

पीडीएफ फाइल वाचणे, तिच्यावर शेरा लिहिणे किंवा ती छापणे एवढ्यासाठी ॲडोबी कंपनीचे ‘ॲक्रोबॅट रीडर’ मोफत मिळते. फाइलमधला मजकूर बदलणे, पाने जोडणे-काढणे किंवा स्कॅन केलेल्या कागदावरची अक्षरे ओळखून घेणे यांसाठी मात्र त्याच कंपनीचे ‘ॲक्रोबॅट प्रो’ वर्गणी भरून घ्यावे लागते. एकच संगणक अनेक जण वापरत असले की ही दोन्ही त्यावर असावीत असे वाटते. हे कसे साधायचे ते येथे विंडोज १० आणि ११ गृहीत धरून सांगितले आहे.

डाउनलोड सुरू करण्यापूर्वी एक गोष्ट नीट समजून घ्यावी, कारण बहुतेकांचा गोंधळ तिथेच होतो. ॲडोबीच्या ६४-बिट आवृत्तीत (म्हणजे आजच्या बहुतेक संगणकांसाठीच्या आवृत्तीत; जुन्या प्रकारची ती ३२-बिट) रीडर आणि प्रो हे आता दोन वेगळे प्रोग्राम राहिलेले नाहीत. एकच प्रोग्राम बसतो. वर्गणी भरलेल्या खात्याने साइन-इन केले की त्यात प्रोच्या सोयी उघडतात आणि खाते नसेल किंवा वर्गणी संपली असेल तर तोच प्रोग्राम रीडर म्हणून चालतो. त्यामुळे प्रो बसवल्यावर रीडर ‘गायब’ झाला म्हणून तो पुन्हा पुन्हा बसवत राहण्यात काही अर्थ नसतो.

तेव्हा आधी संगणकावर काय आहे ते पाहावे. ‘सेटिंग्ज’मधील ‘सिस्टम’ विभागात ‘अबाउट’ उघडले की विंडोज ३२-बिट आहे की ६४-बिट ते दिसते. त्यानंतर ‘ॲप्स’च्या यादीत ॲडोबीचे आधीपासून काही बसलेले आहे का ते तपासावे. सी ड्राइव्हवरील ‘प्रोग्राम फाइल्स’ या फोल्डरमध्ये ॲडोबीचा फोल्डर असेल तर आवृत्ती सहसा ६४-बिट असते. नावाच्या शेवटी ‘एक्स८६’ असलेल्या फोल्डरमध्ये असेल तर ती ३२-बिट असते. जुनी ३२-बिट आवृत्ती काढून टाकून, संगणक पुन्हा सुरू करून, मगच नवी बसवणे श्रेयस्कर. काही कार्यालयांत पूर्वी एकरकमी विकत घेतलेले ‘ॲक्रोबॅट ११’ अजून वापरले जाते. त्याला कंपनीकडून मिळणारे साहाय्य ऑक्टोबर २०१७ मध्येच संपले असून सुरक्षेच्या दुरुस्त्याही तेव्हापासून थांबल्या आहेत. बाहेरून आलेल्या फाइल त्यात उघडू नयेत.

डाउनलोड कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच करावे. तेथे सोबत दुसरे एखादे सॉफ्टवेअर किंवा ब्राउझरचे एक्स्टेन्शन देऊ केलेले असल्यास त्याच्या चौकटीतली खूण काढून टाकावी. प्रो केवळ चाचणीसाठी घेत असाल, तर मुदत ७ दिवसांची असते आणि ती संपण्यापूर्वी वर्गणी रद्द न केल्यास पैसे आपोआप कापले जातात, हे कार्डाचा तपशील भरतानाच ध्यानात ठेवावे.

आता दोन खरोखर वेगळे प्रोग्राम हवे असतील तर काय? तेव्हा दुसरा प्रोग्राम दुसऱ्या कंपनीचा घेणे हाच सरळ मार्ग आहे. बदल करण्यासाठी ॲक्रोबॅट प्रो आणि वाचण्यासाठी ‘सुमात्रा पीडीएफ’ ही जोडी मला सर्वांत सोयीची वाटते. सुमात्रा मोफत व मुक्त-स्रोत असून आकाराने लहान आहे, चटकन उघडते आणि त्याची पोर्टेबल आवृत्ती तर बसवावीही लागत नाही. फॉक्सिट कंपनीचे मोफत ‘रीडर’ आणि सशुल्क ‘एडिटर’ हेही वेगवेगळे प्रोग्राम आहेत.

क्रम असा ठेवावा: आधी सशुल्क प्रोग्राम बसवून, साइन-इन करून, त्याचे अपडेट पूर्ण होऊ द्यावे, मग मोफत प्रोग्राम बसवावा, आणि फाइलवर दोनदा क्लिक केल्यावर कोणता प्रोग्राम उघडावा हे सर्वांत शेवटी ठरवावे, कारण बसवताना प्रत्येक प्रोग्राम तो मान स्वतःकडे मागतो. विंडोज ११ मध्ये ‘सेटिंग्ज’, ‘ॲप्स’, ‘डीफॉल्ट ॲप्स’ या वाटेने जाऊन वरच्या चौकटीत टिंबासह पीडीएफचे फाइल-एक्स्टेन्शन टंकावे आणि हवा तो प्रोग्राम निवडावा. मोफत प्रोग्रामला ही जागा द्यावी, असे माझे मत आहे. सशुल्क प्रोग्राममध्ये नुसती वाचायला उघडलेली फाइल नकळत बदलून जतन होण्याचा धोका त्यामुळे टळतो. बदल करायचा असेल तेव्हा फाइलवर उजवी क्लिक करून ‘ओपन विथ’मधून ॲक्रोबॅट निवडता येते. ही निवड विंडोजच्या प्रत्येक वापरकर्ता-खात्यापुरतीच असते, म्हणून घरातील प्रत्येकाने ती आपापल्या खात्यात करावी.

एका कामासाठी मात्र ॲक्रोबॅटच उघडावे. डिजिटल स्वाक्षरी असलेला सातबारा किंवा ई-आधार यांवर अनेकदा प्रश्नचिन्ह दिसते, आणि ती सही तपासण्याची सोय सुमात्रामध्ये नाही. ॲक्रोबॅटमध्ये सहीवर उजवी क्लिक करून ‘व्हॅलिडेट सिग्नेचर’ निवडावे. तरीही प्रश्नचिन्ह राहिल्यास सहीच्या तपशिलातून प्रमाणपत्र उघडून ते विश्वासार्ह यादीत घालता येते. मात्र फाइल आपण स्वतः सरकारी संकेतस्थळावरून उतरवली असेल तेव्हाच असे करावे. कोणी व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फाइलमधील प्रमाणपत्रावर असा विश्वास टाकला, तर तपासणीला काही अर्थच उरत नाही.

ॲक्रोबॅट प्रोसोबत ‘ॲडोबी पीडीएफ’ नावाचा आभासी प्रिंटरही यादीत येतो आणि विंडोजचा स्वतःचा ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ तेथे आधीच असतो. छपाईच्या वेळी खरा प्रिंटर निवडला आहे ना, तेवढे पाहावे.

बसवणे अर्धवट राहिले किंवा जुन्या आवृत्तीचे अवशेष अडथळा आणू लागले, तर ॲडोबीचे ‘क्लीनर टूल’ वापरता येते. ते प्रोग्रामबरोबर आपण केलेल्या सेटिंग्जही पुसते, म्हणून ॲक्रोबॅटमध्ये फाइलवर उमटवण्यासाठी स्वतः तयार केलेले शिक्के (स्टॅम्प) असल्यास त्यांची प्रत आधीच दुसरीकडे ठेवावी.